न झालेल्या तीन चाचण्या

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय एकाही माणसाला ठाऊक नव्हती. भावाला नाही, आई होती तोवर तिलाही नाही, आणि दफ्तरात तर नाहीच नाही. अकरा वर्षं. आता तुम्हाला सांगतेय, पण आधीच बजावून ठेवते: मला समजून घ्या, असं म्हणायला मी बसलेली नाही. समजून घेण्यासारखं त्यात फारसं काही नाहीच.

मी झाशीची. बाबा भुसावळहून रेल्वेत बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, शिक्षण इथलं, नोकरीही इथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यामुळे माझ्या बोलण्यात मधूनच हिंदी डोकावेल, ते चालवून घ्या. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी दफ्तरात मी काम करते. कोणतं ते लिहीत नाही. कुणाला वाचवायला नव्हे — दोष दफ्तराचा नव्हताच, म्हणून. एवढंच सांगते, की कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी मिळायचं, त्या पाळ्या आमच्याकडे ठरायच्या. इकडे पाळीला ओसरा म्हणतात.

दफ्तरात मी 'कंप्यूटरवाली मैडम'. लग्न केलं नाही, गाणं शिकले नाही, स्वयंपाकात बेताची. पण ती एक पदवी माझी होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली अख्ख्या दफ्तरात मी एकटी. प्रिंटर अडला, मॅडमना बोलवा. तक्ता बिघडला, मॅडमना बोलवा. मोठे साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? पण डिप्लोम्यानंतर मी नवीन काही शिकले नव्हते, हे मलाच माहीत होतं. मला तक्ते यायचे, टायपिंग यायचं, आणि येत नसलं तरी येतंय असा चेहरा करता यायचा. त्यातलं शेवटचं मला सर्वांत चांगलं यायचं.

आणि मग रामसेवक कुशवाहा.

ते सींचपाल होते. म्हणजे कालव्यावर सायकलने फिरून कुणाच्या शेतात पाणी पोचलं, कुणाच्या नाही, याची नोंद ठेवणारे. माझ्यापेक्षा वयाने मोठे, इंटर म्हणजे बारावी पास, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशात दोन पेनं. या माणसाने स्वतःच्या घरी बसून, एका जुन्या लॅपटॉपवर, दोन वर्षं खपून ओसऱ्याचा प्रोग्रॅम बनवला होता. त्याला लागणारं सगळं खुलं आणि फुकट मिळणारं. जगभरचे लोक बनवतात आणि कुणालाही वापरू देतात, त्यातलं. मूळ लिखावट, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात तीही उघडी. कुणीही वाचावी, दुरुस्त करावी. आत जागोजागी त्यांनी हिंदीत टिपा लिहिल्या होत्या: 'येथे टेलच्या गावाला आधी पाणी मिळते का ते तपासा.' टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. वरच्या गावांनी ओढून उरेल तेवढंच पाणी तिथे पोचतं. रामसेवकजींचं आयुष्य त्या शेपटाशी उभं राहून शिव्या खाण्यात गेलं होतं, म्हणून त्यांचा प्रोग्रॅम शेपटाकडून मोजायला सुरुवात करायचा.

हे मला तेव्हा कळलं होतं का? नाही. हे मी पुढे वाचलं. तेव्हा मी त्यांचा प्रोग्रॅम उघडलाच नव्हता.

थांबा, क्रमाने सांगते.

ओसऱ्याच्या वह्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं ठरलं. दोन वाटा होत्या. एक, बाहेरच्या एका कंपनीकडून तयार प्रणाली घ्यायची. दुसरी, रामसेवकजींचा प्रोग्रॅम. तेव्हाचे साहेब सरळ मनाचे होते. त्यांचा कल घरच्याकडेच होता. ते मला म्हणाले, "मैडम, पंधरा दिन चलाकर देखिए. आप जो लिखेंगी, वही होगा."

आप जो लिखेंगी, वही होगा. असं वाक्य माणसाच्या वाट्याला आयुष्यात किती वेळा येतं?

रामसेवकजींनी मला पेन ड्राइव्ह दिला आणि सोबत शाळेची वही, हाताने लिहिलेली: आधी हे करा, मग ते करा. मला ते 'बाईसाब' म्हणायचे, जुन्या बुंदेली रीतीने. म्हणाले, "कछू अटके तो बुला लियो, बाईसाब."

मी एकदा प्रयत्न केला. एकदाच. स्क्रीन काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. वहीत लिहिलं होतं, आता हे हे टाइप करा. मी टाइप केलं. इंग्रजीत काहीतरी उत्तर आलं, ते मला कळलं नाही. मी मशीन बंद केलं. त्यांना हाक मारायला हवी होती; ते त्या दिवशी व्हरांड्यातच होते, मला खिडकीतून दिसत होते. पण मी, डिप्लोमावाली, एका सींचपालाला विचारू? सगळ्या दफ्तरासमोर?

पेन ड्राइव्ह आणि वही मी ड्रॉवरमध्ये टाकली. पंधरा दिवस ड्रॉवर बंद.

सोळाव्या दिवशी अहवाल लिहिला. तीन चाचण्या घेतल्या, असं लिहिलं. तीन वेगवेगळे दिवस घातले. तिन्ही वेळा नोंदी आपोआप पुसल्या गेल्या, असं लिहिलं. 'नोंदी पुसल्या गेल्या' हेच का लिहिलं? कारण साहेबांना सगळ्यात भीती त्याचीच होती. एवढी अक्कल मला होती.

तुम्ही म्हणाल, कंपनीने हात ओले केले असतील. नाही. त्यांचा माणूस एकदा आला, गोड बोलला, चहा दफ्तराचाच पिऊन गेला. मला एक पेढाही मिळाला नाही. दबाव? कुणाचाही नव्हता. बाईमाणूस म्हणून कुणी दडपलं असेल, असं म्हणायचं असेल तर तेही गिळून टाका. मला कुणी दडपलं नाही. लाच घेतली असती तर तुम्हाला हे सोपं वाटलं असतं, मलाही. मी हे फुकटात केलं, केवळ माझं खुजेपण झाकायला.

आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. खरेदीच्या अटींत एक कलम होतं: कंपनीने सोर्स कोड खात्याच्या ताब्यात द्यावा, म्हणजे उद्या कंपनी राहिली नाही तरी दुरुस्ती करता येईल. कंपनीला ते नको होतं. साहेबांनी माझं मत विचारलं. मी लिहिलं: 'सोर्स कोड घेऊन उपयोग नाही. तो वाचू शकेल अशी सक्षम व्यक्ती विभागात नाही.' खाली माझी सही.

सक्षम व्यक्ती विभागात नाही! ती व्यक्ती व्हरांड्यात उभी होती. ते वाक्य खरं होतं ते फक्त माझ्यापुरतं. मी स्वतःचं अज्ञान उचललं आणि सगळ्या खात्याच्या नावावर लिहून टाकलं. कलम गळलं.

मग बैठक. रामसेवकजींना बोलावलं होतं. साहेबांनी माझा अहवाल वाचून दाखवला. मला वाटलं, आता ते चिडतील, म्हणतील, मैडमने चालवलाच नाही. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ते चिडले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी अहवालातले दिवस टिपून घेतले. मग मला विचारलं, "बाईसाब, एंट्री उड़ी तब कौन से गाँव की भर रही थीं?"

मी एक नाव ठोकून दिलं. आमच्याच जिल्ह्यातल्या टहरौलीकडचं, सहज तोंडात आलेलं.

त्यांचा विश्वास बसला. तुम्हाला कळतंय का — त्यांचा माझ्यावर विश्वास बसला! पुढचे कित्येक महिने तो माणूस नसलेली चूक शोधत राहिला. त्या गावाची नोंद पुन्हा पुन्हा भरून बघायचे. आठवड्यातून एकदा माझ्या टेबलाशी यायचे: वीज गेली होती का तेव्हा? दोन जण एकदम भरत होते का? मी कागदातून मान वर न काढता काहीतरी सांगायची. एकदा तर म्हणाले, माझ्या कच्च्या कामापायी तुमचे पंधरा दिवस वाया गेले, माफ करा.

माफ करा — ते मला म्हणाले.

कंपनीची प्रणाली आली आणि चार-पाच वर्षं ठीक चालली. वाईट होती असं मी म्हणणार नाही. नियम झाला, की मशीनमधून निघालेली पर्चीच, म्हणजे ओसऱ्याची चिठ्ठीच खरी. हाताने लिहिलेली पर्ची गेटवाला मानणार नाही. नियम चांगलाच होता. त्याने दांडगटांची वशिलेबाजी मोडली. रामसेवकजी निवृत्त होऊन टहरौलीला राहायला गेले. मी सुटले, असं वाटलं.

मग एका हिवाळ्याआधी एका कालव्याच्या कुलाब्यांना नवे क्रमांक दिले गेले. कुलाबा म्हणजे कालव्यातून शेताकडे पाणी सोडायचं तोंड. नवे क्रमांक प्रणालीत भरले, आणि शेवटचा कुलाबा यादीतून गायब झाला. प्रणालीला तो दिसेचना. किरकोळ दुरुस्ती होती. आत शिरता आलं असतं तर कुणी जाणकाराने दुपारभरात केली असती. पण आत शिरणार कसं? कुलूप कंपनीचं, आणि कंपनी गाशा गुंडाळून मोकळी झालेली. फोन लागेना, पत्रं परत येऊ लागली. सोर्स कोड आमच्याकडे नव्हता. का नव्हता, ते तुम्हाला माहीत आहे.

त्या कुलाब्यावरची गिरजाबाई म्हणून एक शेतकरीण दफ्तरात आली. मटार आणि गहू पेरून बसलेली. तिला पर्ची मिळत नव्हती, आणि पर्चीशिवाय वरच्या गावांनी पाणी खाली येऊ दिलं नसतं. मी तिला स्क्रीन दाखवला. म्हटलं, "अम्मा, मशीन में तुम्हारा कुलाबा नहीं दिख रहा. मशीन अंदर से बंद है."

तिने स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "बंद है तो खोलो. और बंद कौन ने करी?"

मी म्हटलं, कंपनीने.

आता माझ्या खऱ्या कबुलीकडे येते. इथवरचं सगळं, तो खोटा अहवाल, ते कलम, मी कदाचित आणखी वर्षं पोटात घेऊन जगलेही असते. त्या वेळचा उद्दामपणा म्हणून त्याला काहीतरी गोंडस नावही दिलं असतं. पण पुढचं? त्याला मी नाव शोधून पाहिलंय, सापडलं नाही.

नव्या साहेबांनी जुनी फाइल काढली. त्यात रामसेवकजींचं नाव होतं. त्यांना निरोप गेला. ते दुसऱ्याच दिवशी बसने आले, तोच जुना लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून. साहेब म्हणाले, तुमचा प्रोग्रॅम या एका कालव्यापुरता सुरू करून द्या. मी वरून मंजुरी आणतो.

रामसेवकजींनी टॉवेल सोडून लॅपटॉप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "देने को तो आज दे दूँ साहब. पर इसमें एक गलती है जो मुझसे आज तक पकड़ी नहीं गई. तीन बार एंट्री उड़ी है. मैडम ने खुद देखा है. कल को किसी का ओसरा ही उड़ गया तो मैं क्या मुँह दिखाऊँगा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "क्यों, मैडम?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार बंद होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — साहेब, चूक नाहीये, मी चाचणी घेतलीच नव्हती. एक वाक्य. फार तर मला झापलं असतं, कदाचित चौकशी लागली असती. पण आठवड्याच्या आत पाणी शेपटापर्यंत गेलं असतं.

मी म्हटलं, "जी."

बस, एवढंच. जी. पहिल्या वेळी मी खोटं लिहिलं तेव्हा त्याने कुणाचं काय बिघडेल हे मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. मी त्या बाईचा चेहरा पाहिला होता, तिच्या पायांवरची धूळ पाहिली होती. आणि तरीही — जी.

रामसेवकजींनी लॅपटॉप पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळला. त्यांच्या प्रामाणिकपणानेच त्यांना अडवलं, आणि तो अडसर मी घातलेला. त्या हंगामातल्या दोन ओसऱ्यांपैकी शेवटच्या कुलाब्याला एकही मिळाला नाही. मटार फुलावरच वाळला. गहू वीतभर उंचीवर पिवळा पडला. गिरजाबाई पुन्हा आली ती भांडायला नाही. पुढच्या हंगामाचं तरी काय, एवढं विचारायला. दोन म्हशी होत्या, म्हणाली. वैरण नाही म्हणून गेल्या. कुठे गेल्या हे मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी वरून नवी प्रणाली आली, तिचा कुलाबा परत यादीत आला, आणि दफ्तरात तो विषय मिटला.

माझ्यात मिटला नाही, असं लिहिणार होते. पण खरं सांगू? मिटलाच होता. मी जेवत होते, झोपत होते, इलाइट चौराह्यावर साड्या घेत होते. मला पश्चात्तापाने जाळलं वगैरे काही नाही. लोक असं म्हणतात तेव्हा मला संशय येतो.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. गेल्या महिन्यात आम्हाला प्रशिक्षण होतं. लखनऊहून आलेले एक अधिकारी सांगत होते, की यापुढे सॉफ्टवेअर घेताना सोर्स कोडचा हक्क मागा, खुल्या पर्यायांचा आधी विचार करा. चांगलं बोलत होते. तेवढ्यात आमच्याच दफ्तरातला एक जण उठून म्हणाला, "सर, हमारे यहाँ एक सींचपाल ने घर पर बनाया था. तीन बार में तीनों बार फेल." सगळे हसले. अधिकारीही हसले आणि म्हणाले, म्हणूनच नीट चाचणी आवश्यक असते.

माझं खोटं आता दाखला झालं होतं. माझ्या नावाशिवाय, आपल्या पायांवर चालत होतं. उद्या कुणी दुसरा सींचपाल काही बनवून आणील, तेव्हा त्याच्यासमोर हेच ठेवलं जाईल. आणि ज्या माणसावर ते हसले, तो तिकडे टहरौलीत अजूनही ती चूक शोधत असेल!

त्या दिवशी घरी येऊन मी ती जुनी वही काढली. हो, ती मी फेकली नव्हती. पेन ड्राइव्हही नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर, वहीत लिहिल्याप्रमाणे, एकेक पायरी करत गेले. अडले तिथे शोधलं, वाचलं, पुन्हा केलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी प्रोग्रॅम उघडला. मी त्या गावाची नोंद भरली, जे नाव मी ठोकून दिलं होतं त्याचीच. बंद केला, पुन्हा उघडला. नोंद जागच्या जागी होती. बटण दाबून धरून मशीन मधेच बंद पाडलं. तरी नोंद होती.

मग मी हे सगळं लिहिलं. आधी हिंदीत. कारण मराठीत लिहिणं हाही एक आडोसा झाला असता. झाशीत मराठी वाचणारी घरं किती, आणि त्यांतलं रामसेवक कुशवाहांचं कुठलं? तीन पानं झाली. माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. तोवर गप्प बस, पेन्शन सांभाळ, असा सल्ला कुणीही दिला असता. म्हणून मी कुणाला विचारलंच नाही.

रविवारी टहरौलीला गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. चष्म्याच्या काचा आता जाड झाल्यात. मला बघून उठले, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी घेतलं नाही. कागद हातात दिला आणि उभी राहिले.

त्यांनी वाचलं. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. कागद डोळ्यांच्या इतका जवळ धरला होता, की मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी माफी मागितली नाही. माफी मागणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी घेणं. त्यांच्याकडून मी पुरेसं घेतलंय.

शेवटी कागद खाली आला. "मतलब, चलाया ही नहीं था?"

"नहीं."

"एक बार भी?"

"एक बार भी नहीं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून घरात हाक मारली, "सुन रईं? गलती हती ही नईं!"

त्यांची बायको दारात आली. पदराला हात पुसत तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाण्याचा पेला उचलून आत घेऊन गेली. तिच्या जागी मी असते तर पेला फेकून मारला असता.

"ये कागज हम दफ्तर में लगाएँगे," रामसेवकजी म्हणाले. 'बाईसाब' म्हणाले नाहीत. "और गिरजा को भी पढ़के सुनाएँगे."

"लगाइए," मी म्हटलं. "सुनाइए."

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. सही फक्त शेवटच्या पानावर होती. म्हणाले, हर पन्ने पर करो. मी खाटेच्या कडेवर पानं ठेवली आणि उभ्यानेच, वाकून, एकेका पानावर सही केली.